हाशमच्या घरी नऊ

९ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. ब्रीडरने रेकॉर्ड ठेवलं पाहिजे. हाशम ठेवत नाही. त्याचं सगळं डोक्यात असतं म्हणे. डोकं केवढं ते मी बघितलंय.

जोंधळी. कारवान जातीची कुत्री, वय साडेतीन, रंग शाळूच्या दाण्यासारखा म्हणून हे नाव. पहिलटकरीण. आज सेहेचाळिसावा दिवस. नर करमाळ्याचा, वजीर नावाचा, तीन डॉग शो जिंकलेला. हाशमची नूरीही गाभण आहे. तिचा नर कुणाच्या तरी मेहुण्याचा. फरक असतो.

जोंधळीचं डोहाळजेवण केलं. सिद्धेश्वरी म्हणाली, अहो, लोक काय म्हणतील? बायकोला एवढंही कळू नये? लोकांनी म्हणावं म्हणूनच तर करतोय. गळ्यात हिरवा रुमाल, पुढ्यात शेंगापोळी, तूप, दोन उकडलेली अंडी. फोटो कारवानवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. एकसष्ट लाइक. हाशमचा नुसता अंगठा. जळाला.

ठराव: हाशमचं स्टेटस बघायचं नाही.

१२ फेब्रुवारी
हाशमचं स्टेटस: नूरी उन्हात पसरलेली, पोट केवढं मोठं. फोटो जमिनीला मोबाइल टेकवून काढला की पोट मोठंच दिसतं, एवढं मला कळतं. मीही तसाच काढला. जोंधळीचं पोट कमी आणि माझं जास्त आलं. डिलीट.

१५ फेब्रुवारी, शनिवार
हाशम दुकानात आला. माझं दुकान बॅटरी-इन्व्हर्टरचं, तो टॉवेलच्या गठ्ठ्यांचा टेम्पो चालवतो. राहतो दोन गल्ल्या सोडून. टेम्पोची बॅटरी उतरली होती. चार्जिंग होईपर्यंत सल्ला. मालक, पैली खेप हाय जोंधळीची, एक सोनोग्राफी करून घ्या की. आणि टाइम आला की नुसती हाक मारा, मी हाय तसा येतो.

बघू म्हटलं. म्हणजे नाही. आमच्या घरचं बाळंतपण आणि हा मधोमध उभा राहून सूचना देणार, वर ग्रुपवर फोटो टाकणार. त्याच्या हातून सहा बाळंतपणं झालीत म्हणे. मी चाळीस व्हिडिओ बघितलेत. त्याने एकही नाही.

पिल्लं किती ते मला हात लावून कळतं. आठ. कदाचित दहा.

१९ फेब्रुवारी, बुधवार
नूरी व्याली. नऊ. नऊच्या नऊ जिवंत. तेही शिवजयंतीला. माणसं पंचांग बघून पिल्लं काढतात की काय!

सकाळी ग्रुपवर फोटो, दुपारी चौकात फ्लेक्स. खाली नऊ पिल्लं रांगेत, वर हाशम गॉगल लावून. जसं काही त्यानेच दिली. ग्रुपवर एकशे चाळीस लाइक. मीही अभिनंदन पाठवलं. दोनदा लिहून खोडलं, तिसऱ्यांदा पाठवलं. माझ्या मनात काही नाही.

सिद्धेश्वरी बघून आली. लई गोड हायत हो, उंदराएवढी. नऊ म्हटल्यावर उंदराएवढीच असणार. आमची भरीव होतील.

ठराव: जोंधळीचा खुराक दुप्पट.

२३ फेब्रुवारी, रविवार
बोटांवर मोजलं. त्रेसष्टावा, म्हणजे व्यायचा, दिवस येतो सव्वीस तारखेला. महाशिवरात्र! शिवजयंती मोठी की शिवरात्र, असं कुणी विचारू नये. मीही विचारत नाही. पण शिवरात्र.

ग्रुपवर जाहीर करून टाकलं. आठ नावं ठरवली, दोन राखीव.

हाशमने खाली लिहिलं की तारीख आपल्या हातात नसती, मालक. लोक दुसऱ्याच्या आनंदात नेमका खडा कसा टाकतात ते शिकावं.

२६ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी ७
जोंधळीचं टेंपरेचर कालपर्यंत १०१, आज ९८.२. व्हिडिओत सांगतात तसंच. चोवीस तासांत पिल्लं. मला उपास. तिला नाही.

संध्याकाळी ७
अजून नाही. चादर उकरते, धापा टाकते, माझ्या तोंडाकडे बघते. ग्रुपवर सतरा जणांनी विचारलं. हाशमने विचारलं नाही. मनातून खूश असणार.

२७ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी ८:१५
खालून थोडं हिरवट पाणी गेलं. सिद्धेश्वरी म्हणाली, हाशमभाईला बोलवा. एवढ्यातेवढ्याला कुणाला बोलवायचं नसतं. शिवाय आता अमावास्या लागतेय. उद्या सकाळी सुटते. आजचा दिवस काढला तर शुक्रवार मिळतो, शुक्रवार चांगला. जोंधळीला तसं समजावून सांगितलं. ती समजूतदार आहे.

१०:४०
कळा आल्या. थांबल्या. पाणी जास्त.

१२
सिद्धेश्वरी परत तेच. मी म्हटलं, हाशम काय डॉक्टर आहे? मग डॉक्टरला करा, म्हणाली. डॉक्टर मॅडम हाशमच्या ओळखीच्या. त्यांना कळलं की त्याला कळलंच. अर्धा तास बघू.

१:३०
फोन केला. ताबडतोब घेऊन या म्हणाल्या. रिक्षा बघतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
काल लिहायला वेळ झाला नाही.

चार होती. चारही गेली.

पहिलं रिक्षात झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बाकीची तीन दवाखान्यात. मॅडम म्हणाल्या, हिरवं पाणी दिसलं तेव्हाच आणायचं होतं, त्यानंतर वेळ नसतो. आणि पिल्लं आकाराने जास्तच मोठी झाली होती, एवढा खुराक कुणी सांगितला? मी म्हटलं, यंदा ऊन लवकर सुरू झालंय. त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. म्हणजे त्यांनाही पटलं असावं.

मागच्या शेवग्याखाली पुरली. टॉवेलात गुंडाळून. नवा टॉवेल होता.

ग्रुपवर काहीतरी टाकणं भाग होतं. टाकलं: तांत्रिक कारणास्तव कार्यक्रम पुढे ढकलण्यात आला आहे. एकाने नवीन तारीख विचारली.

१ मार्च, शनिवार
मी ठीक आहे. धंद्यात असं होतंच.

जोंधळीने माझी डावी चप्पल चादरीवर नेलीय. पोटाशी घेते, चाटते. मागायला गेलो तर गुरगुरली. माझ्यावर. आजवर कधी गुरगुरली नव्हती. तिच्या सडांतून दूध गळतंय, चादर भिजलीय. कुत्री दोन दिवसांत विसरतात असं वाचलंय. कुठे वाचलंय ते आठवत नाही.

सिद्धेश्वरीची चप्पल घालून दुकानात गेलो. एका गिऱ्हाइकाने पायांकडे बघितलं. दुकानात यायचं ते बॅटरी बघायला.

हाशमचे चार मिस्ड कॉल. उचलला नाही. हा सांत्वन करणार आणि मागून नऊ पिल्लांचा आवाज येणार.

३ मार्च, सोमवार
हाशमच्या पिल्लांचे डोळे उघडले. स्टेटस मी बघितलं नाही, बोट लागलं. अकरा वेळा लागलं.

ठराव: कुत्री बंद. मासे पाळायचे. माशांचा ग्रुप नसतो.

४ मार्च, मंगळवार
संध्याकाळी हाशम दारात. दाढी वाढलेली, ओठ सुकलेले. सिद्धेश्वरीने चहा आणला तर नको म्हणाला. आमच्या घरचा चहा याला आता चालेनासा झाला! नऊ पिल्लं झाली की माणसाला शिंगं फुटतात. तो गेल्यावर सिद्धेश्वरी म्हणाली, अहो, रोजे चालू हायत त्यांचे. मला ते माहीतच होतं.

काम असं होतं. नूरीला काल झटके आले. दूध पाजून पाजून अंगातलं कॅल्शियम गेलं. आता सलाइनवर. मॅडमनी पिल्लं तिच्यापासून तोडायला सांगितलीत. बाटलीने पाजतात नवरा-बायको दोघं, पण दोन पिल्लं तोंडच लावत नाहीत. खाली बघून म्हणाला, मालक, तुमची जोंधळी जरा दिली तर लई उपकार होतील. नक्को म्हणालात तरी राग न्हाय.

नूरी आजारी आहे हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. क्षणभरच. घड्याळ लावलं नव्हतं.

विचार करून सांगतो म्हटलं.

५ मार्च, बुधवार, सकाळी
विचार केला. नाही. कारणं: १) जोंधळी बाळंतीण आहे, विश्रांती हवी. २) इन्फेक्शन. ३) तत्त्व. तिसरं कारण सर्वांत मोठं, म्हणून वेगळं लिहीत नाही. आमची चार मातीत आणि आमच्या दुधावर त्याची नऊ गुबगुबीत होणार, मग त्यांचा फ्लेक्स लागणार आणि तो मी रोज दुकानात जाताना बघणार. माझ्याच घराण्याचं दूध! मी माणूस आहे की दूध डेअरी?

संध्याकाळी हाशमला नम्रपणे कळवायचं.

दुपारी २
जेवायला घरी आलो तर चादरीवर नुसती चप्पल. जोंधळी नाही. सिद्धेश्वरी भाकरी थापत शांतपणे म्हणाली, सोडून आले तिला हाशमभाईकडं. न विचारता? तर म्हणते, कुनाला विचारू? दूध तिचं हाय, तुमचं हाय व्हय? तिथं दोन लेकरं उपाशी, हितं ही चप्पल चाटतीया, आनि तुमी विचार करायलाय.

जेवलो नाही. जाऊन जोंधळीला घेऊन येतो. पाच मिनिटांचं काम. हाशमला दोन शब्द सुनावणार आहे, ते वाटेत ठरवीन.

संध्याकाळी ६
आत्ता आलो.

झालं असं. हाशमच्या अंगणात पत्र्याच्या सावलीत जोंधळी आडवी. नऊच्या नऊ तिला लागलेली. जागा कमी, पिल्लं जास्त, एकमेकांच्या डोक्यावर पाय. ती एकेकाला चाटत होती. मला बघून शेपूट एकदा आपटली. ओळख दाखवली एवढंच. मग डोळे मिटले. सहा दिवसांत तिने डोळे मिटलेले बघितले नव्हते.

हाशमच्या बायकोने, अजीजाभाभीने, खुर्ची आणून दिली. पाठ टेकेपर्यंत म्हणून बसलो. ती दोन अडून बसलेली पिल्लं, त्यातलं एक सारखं मागे पडत होतं. त्याला उचलून पुढे लावलं. पुन्हा मागे पडलं, पुन्हा लावलं. दुकान दुपारभर बंद राहिलं.

दोन शब्द राहून गेले.

९ मार्च, रविवार
रोज जातो. देखरेख लागते. हाशमला दूध पाजण्यातलं शास्त्र माहीत नाही, लहान पिल्लं मागच्या सडांना लावायची असतात, तिथं दूध जास्त. मी सांगितलं. हौ, मालक, म्हणाला. त्याला आधीच माहीत असावं अशी शंका आली.

पिल्लांची वजनं वाढली. श्रेय कुणाचं ते ग्रुपला कळावं म्हणून टाकलं: सध्या नऊ पिल्लांचं पालनपोषण आमच्या जोंधळीकडून सुरू आहे. हाशमने खाली लाल हृदय पाठवलं. त्या हृदयाचा फार राग आला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

एक गोष्ट टोचते. हाशम हाक मारतो तेव्हा जोंधळी मान वर करते. मी मारतो तेव्हा एक कान हलवते. साडेतीन वर्षं मी खायला घालतोय. एक कान.

नूरी आता उभी राहते. लांबून पिल्लांकडे बघते. तिच्याकडे मी फार बघत नाही.

१६ मार्च, रविवार, सकाळी
पिल्लं पंचवीस दिवसांची झाली, ताटलीतलं चाटायला लागली. जोंधळीचं काम संपलं. आज तिला घरी आणायचीच. हाशमने आढेवेढे घेतले तर ठणकावून सांगायचं. आवाज कसा लावायचा ते दुकानात एकट्याने करून बघितलं. चांगला लागला.

रात्री
आणली नाही.

गेलो तेव्हा रोजा सोडायची वेळ. हाशमने हातावर खजूर ठेवला. ठणकावणार होतो, पण तोंडात खजूर. तो पाणी पीत होता, जोंधळी आणि नूरी शेजारी शेजारी पडल्या होत्या, पिल्लं दोघींच्या अंगावरून इकडून तिकडे जात होती. ते मागे पडणारं पिल्लू माझ्या बुटाची लेस चावत होतं.

आणि मी हाशमला सांगून बसलो. का सांगितलं, माहीत नाही. रिक्षात झालेलं पहिलं पिल्लू हललं होतं. माझ्या तळहातावर, दोनदा. पाय असा ताणला होता. काय करायचं ते मला आठवेना. चाळीस व्हिडिओ बघितलेले, एक आठवेना. मोबाइलवर शोधायला गेलो तर आधी जाहिरात लागली. पाच सेकंद थांबा म्हणाली. मी थांबलो. तेवढ्यात ते हलायचं बंद झालं. तुला फोन लावला असता तर चोळायचं कसं ते तू सांगितलं असतंस. नंबर समोर होता. तुला लावायचा नव्हता म्हणून लावला नाही.

हाशमने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मला वाटलं, आता हा सुनावणार. याचा हक्कच आहे. पण तो पिल्लांकडे बघत म्हणाला, नूरीची पैली खेप दोन वर्षांमागं झाली. सात होती. एक बी जगलं न्हाय. टेम्पोत घालून होटगीच्या माळावर पुरून आलो, अजीजासुद्धा आली न्हाय बघायला. आठ दिवस जेवन गेलं न्हाय. म्हनून तुमाला सोनोग्राफी, सोनोग्राफी करत होतो.

मी म्हटलं, अरे, ग्रुपवर नाही टाकलंस ते ठीक. पण दोन गल्ल्या सोडून राहतो मी. मला का नाही सांगितलंस?

तर म्हणाला, तुमी हसला असता, मालक.

मी उठून उभाच राहिलो. म्हटलं, हाशमभाई, मी तुला असला माणूस वाटलो? त्याने आणखी एक खजूर दिला.

वाटभर चिडचिड झाली. घरी आल्यावर सिद्धेश्वरीला विचारलं, मी असा आहे का? ती म्हणाली, हात धुवा, पानं घेतलीयत.

ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. हसलो असतो. दुकानात येईल त्याला सांगितलं असतं.