बिनदळलेले गहू

वैशाख शुद्ध १२
सहा दिवस झाले, जातं बंद. सरकारी लेव्हीवाल्यांनी जवारी मोजून नेली. आत्याबाईंनी कणगी पालथी करून दाखवली, घरात दाणा न्हाई म्हणून. गोठ्याच्या भिंतीतल्या बळदाचं तोंड शेणानं सारवलेलं होतं, आतले गहू त्यांना दिसले न्हाईत. पण दळावं कसं? चावडी समोर, तिथंच बंदूकवाले उतरलेत. जात्याची घरघर सरळ त्यांच्या ओट्यावर जाती. कांडणाचं तर नावच नको.
आत्याबाई म्हणाल्या, "सूनबाई, आख्खेच शिजवून बघ."

शुद्ध १३
सकाळी ओंजळभर भिजवले, दुपारी चुलीवर. दाणा वरून फुगला, आत खडा. यमीला दम निघंना, तसेच खाल्ले. मग पोट धरून बसली. ओवा चावायला दिला. पाच वर्षांचं लेकरू, आणि मी त्याच्यावर करून बघायलेय.

शुद्ध १४
कालच्यापासून पूर्ण दिवस भिजत ठेवले. पाणी दोनदा बदललं, न्हाईतर आंबूस वास येतो. मग मडक्यात घालून गोवऱ्यांच्या आरावर. वर ताट, ताटात पाणी. दुपार कलली तवा दाणा फुटला! आत पांढरं, मऊ. साल मात्र तशीच, चघळत बसावं लागतं. मीठ, वाळली मिरची. आत्याबाईंना दात न्हाईत, त्यांच्यापुरते पाट्यावर वाटले. पाटा घरघरत न्हाई.
ह्या बंदूकवाल्यांविरुद्ध लढायला हे हद्दीपलीकडं गेल्याला दोन महिने. तिकडं छावणीत काय खात असतील. चिठ्ठी न्हाई.

पौर्णिमा
शेजारची रसूलबी खाला विस्तव मागायला आली आणि दारातच थांबली. नाक वर केलं. "गहू की गं?"
मी मडक्याआड सरकले. तिचा भाचा करीम चावडीतच असतो, खाकी घालून.
खालानं मडक्यातला दाणा चिमटीत दाबून बघितला. "असं न्हाई. भिजल्यावर गोणपाटावर चोळ, साल सुटती. आमी गव्हाच्या खिचड्याला तसंच करताव. मग शिजताना घोटत ऱ्हा." विस्तव घेतला आणि गेली.
आत्याबाई माझ्यावरच तुटून पडल्या. "दार लोटून घ्यायला काय झालं होतं? आता भाच्याच्या कानावर जाईल."

वद्य १
खालाची रीत खरी. सालं सुटली, निम्म्या गोवऱ्यांत शिजलं. घोटल्यावर लापशीवानी झालं. यमीनं दोनदा मागून घेतलं. गूळ असता तर. पण गुळाचा वास लय लांब जातो.
करीम दारावरून गेला. आमच्याकडं बघितलं न्हाई. बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

वद्य ३
आले. चावडीतले चौघं. करीम सगळ्यांत मागं.
त्यांच्यातला दाढीवाला नेहमीचंच विचारायला लागला, आदमी कुठंय. मी म्हणलं, माहीत न्हाई. मग चुलीकडं गेला, ताट काढलं.
"ये क्या है?"
"मातेरं हाय. खळ्यातलं झाडून आणलेलं. म्हशीसाठी. गाभण हाय ती."
"भैंस गेहूँ खाती?"
"खाती."
"तो खिला. मेरे सामने."
आख्खं मडकं घमेल्यात ओतलं. म्हैस चाटून पुसून खात होती आणि यमी माझ्या लुगड्याला धरून बघत होती. मनात एकच, पोरगी आता बोलती की काय. बोलली न्हाई. ओठ नुसते हलत होते.
दाढीवाला करीमकडं वळला. "तू बाजू में रहता. सच बोलती ये?"
करीम म्हणाला, "भैंस तो गाभन है." तेवढंच.
गेले. यमीला पाणी पाजून निजवलं.

वद्य ४
एवढे गहू खाऊन म्हैस फुगली न्हाई. नशीब.
आत्याबाई म्हणतात, खालानंच सांगितलं. मला तसं वाटत न्हाई. पण मग ती चार दिवस झाले फिरकली का न्हाई? आज चूल पेटवली न्हाई. काल उरलेले भिजके दाणे कच्चेच चावले, यमीला वाटून दिले.

वद्य ६
भर दुपारी दारात करीम. एकटा. खाकी न्हाई, साधा सदरा. हातात रिकामा वाडगा.
"भाभी, खाला कू बुखार है. कुछ उतरता नै गले से. बोली, तुम वो घोटके बनाते, थोडा देव."
मान खाली. आतून आत्याबाई मान हलवून नको नको म्हणत होत्या. द्यायचं म्हणजे घरात गहू आहेत हे कबूल करायचं. ह्याला कुणी पाठवलंय? खालानं, का दाढीवाल्यानं? वाडगा तर तिचाच, कडेला चेपलेला, मी ओळखते.
मी म्हणलं, "भिजायलाच एक दिवस लागतो."
बोलून गेले तवा कळलं काय बोलले.
त्यानं वाडगा उंबऱ्यावर ठेवला. "कल आतूँ," म्हणाला आणि चावडीकडं न जाता घराकडं वळला. एवढं मी नीट बघितलं.
आत्याबाई भिंतीकडं तोंड करून बसल्यात.
दोन मुठी गहू पाण्यात टाकलेत.