बोलपटातली मुकी आई

सोमवार, ४ मार्च

— आणि म्हणे मुकी! कंपनीचा पहिला बोलपट, सगळे बोलणार, दारावरचा शिपाईसुद्धा "कोण आहे?" म्हणणार, आणि मी, जिच्या तोंडावर या स्टुडिओच्या भिंती उभ्या राहिल्या, ती मुकी आई! मालक खुर्चीत रेलून म्हणाले, "बाई, तुमचा चेहराच बोलतो. आवाज कशाला?" मला काय कळत नाही? माझा आवाज घोगरा, त्याची यांना भीती. सरळ सांगा ना!

आणि मुलगा कोण, तर आमचा हिरो! गेल्याच सिनेमात मी याच्या मिठीत मेले. आमच्यात फरक चार वर्षांचा. आता सगळ्यांसमोर "आई, आशीर्वाद दे" म्हणून डोळे मिचकावतो. मेला!

गोष्टीत एक घरमालकीणही आहे. जिन्यात उभी राहून कचाकचा भांडते आणि जाते. चार वाक्यं. अजून कोणाला दिलेली नाहीत. भांडखोर बाईला चार वाक्यं, मला एक नाही.

घरी आईला सांगितलं. ती हसता हसता खोकायला लागली. "तू मुकी? अगं, तू जन्मलीस तेव्हा सुईण कानात बोटं घालून बसली होती!"

मालकांचं शेवटचं बोलणं तिला सांगितलं नाही. "हे जमलं नाही बाई, तर पुढं आपल्याकडे तुमच्याजोगं काम निघणं अवघड."

मंगळवार, ५ मार्च

बाकीचे विसरले असतील. मी नाही विसरले. मी आले तेव्हा नायिकेचं काम मिशी काढलेला एक जाडजूड बाप्या करायचा. दुपारपर्यंत खुंट वर यायचे, मग त्यावर पावडर! बायका या दारात पाय ठेवत नव्हत्या. मी ठेवला. सगळ्या नातेवाइकांनी तोंड फिरवलं. मी घोड्यावरून पडले, नदीत उडी मारली, पेटलेल्या खोलीतून बाळ बाहेर काढलं — बाळ लाकडाचं होतं, आग खरी होती! मग काड्यापेटीवर माझं चित्र आलं. तोंड फिरवलेल्यांच्या चुलीशी रोज मीच!

शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचायला शिकले ते स्टुडिओत, पडद्यावर दाखवायच्या संवादांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरशेजारी बसून. "थांब, दुष्टा!" "हाय! माझं बाळ!" प्रत्येक पाटीला उद्गारचिन्ह. तेच हाताला लागलं. आता सुटत नाही!

गुरुवार, ७ मार्च

आज माझा पहिला प्रसंग. मुलगा घर सोडून जातो, आई बाही धरते. एवढंच.

स्टुडिओ ओळखू येत नाही. कॅमेऱ्याची घरघर ऐकू जाऊ नये म्हणून त्याला कपाटात कोंडलाय, कॅमेरावाल्यासकट. बिचारा घामाने निथळून बाहेर येतो. आवाज पकडायचं यंत्र फुलदाणीत लपवलंय. आवाजवाला कानांना डबे लावून कोपऱ्यात. पूर्वी दिग्दर्शक ओरडायचे, "रड! अजून रड! आता मागे बघ!" आता तेच ओठांवर बोट ठेवून उभे. सगळीकडे सुतक!

दिवे लागले. मी बाही धरली. डोळ्यांत पाणी आलं, टपोरं, जेव्हा हवं तेव्हा येतं. तेवढ्यात हिरोने माझ्या पायावर बुटासकट पाय दिला. आणि मी, डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून, म्हटलं, "पाय काढ रे मुडद्या! बूट आहे की वरवंटा!"

मूकपटात आम्ही हेच करायचो. चेहरा रडायचा, तोंड वाट्टेल ते बोलायचं. कोण ऐकणार होतं?

आज फुलदाणीने ऐकलं.

शुक्रवार, ८ मार्च

फिल्म धुऊन आली. छोट्या खोलीत सगळ्यांनी पाहिली. नव्या नायिकेचा आवाज ताटावर चमचा खरवडल्यासारखा. हिरो एवढा उंच, आवाज मांजराच्या पिल्लाचा! आणि मग मी — "मुडद्या!" — खोली दणाणली. मालक म्हणाले, "जाळा ते." आवाजवाला म्हणाला, "जाळतो. पण साहेब, यात स्वच्छ आलाय तो बाईंचाच आवाज."

मालकांनी ऐकलंच नाही असं केलं. मी ऐकलं.

शनिवार, ९ मार्च

पुन्हा तोच प्रसंग. ओठ घट्ट मिटले. जमेना! तीनदा केलं. दिग्दर्शक जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, चेहरा का मेला?"

खरंच मेला. तोंड बंद केलं की माझे डोळेपण बंद पडतात. इतकी वर्षं लोक मला मूकपटाची राणी म्हणाले. मी एक दिवस मुकी नव्हते! कॅमेऱ्यापुढे अखंड टकळी चालू असायची, म्हणून तर चेहरा हलायचा.

मालक म्हणाले, "बुधवारी शेवटचं बघू."

सोमवार, ११ मार्च

शिवणखोलीत गेले. आमची शिंपीण जन्मापासून बहिरी-मुकी. माझे सगळे कपडे तिनेच शिवले, आगीत जळलेले सुद्धा. म्हटलं, मुकं असणं हिच्याकडूनच शिकू.

हातवारे करून प्रसंग सांगितला. मुलगा चाललाय. परत येणार नाही. तू काय करशील?

ती हसली नाही. तिचा मुलगा बोटीवर गेला तो गेलाच, हे मला ठाऊक होतं, सांगताना आठवलं नाही. तिने खुंटीवरचा कोट पुतळ्यावर चढवला. एकेक बटण ओढून पाहिलं, घट्ट आहे ना. शेवटचं सैल निघालं. ते तिने दातांनी तोडलं आणि मुठीत धरलं. सैल बटण घेऊन त्याने जायचं नाही! मग टेबलावर थाप मारली, आणि घशातून एक आवाज काढला. शब्द नाही.

मुकी माणसं गप्प नसतात. हे कुणाला माहीत होतं? मला नव्हतं.

मला हे जमेल? नाही जमणार. रडणं माझ्यासारखं कुणाला येत नाही, ते मी अजूनही छातीवर हात ठेवून सांगेन. पण ती रडलीच नाही.

खुणेनेच विचारलं, दिव्यांसमोर करशील? ती आधी माझ्याकडे बघत राहिली, थट्टा करतेय का म्हणून. मग आरशात बघून केस सारखे केले.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "स्वतःचं ताट दुसरीपुढे सरकवतेस? तू?" म्हटलं, ताट नाही गं, माझ्या तोंडात न मावणारा घास!

मंगळवार, १२ मार्च

मालकांपुढे उभी राहिले. "बसा बाई." बसले नाही. सांगून टाकलं. मुकी आई शिंपीण करील. उद्या बुधवारी माझ्याऐवजी तिला कॅमेऱ्यापुढे उभी करून बघा, मग नाही म्हणा. आणि ती जिन्यातली घरमालकीण माझी!

"तिला चारच वाक्यं आहेत हो बाई."

"पुष्कळ झाली. तुमच्या फुलदाणीला विचारा!"

मालकांनी नुसतीच मान डोलावली. म्हटलं, "शनिवारपर्यंत उत्तर द्या. आणि तोंडाने द्या — मान हलवायचे दिवस गेले!"