बारा घरट्यांवरचे कापड

मी, समुद्री संरक्षित क्षेत्राचा निवृत्त व्यवस्थापक, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, लिहून ठेवतो की माझी बुद्धी जागेवर आहे, हात थरथरतो तरी अक्षर लागते, आणि यातला एकही शब्द मला कोणी सुचवलेला नाही. उलट वकिलांनी निम्मा मजकूर गाळण्याची विनंती दोनदा केली. "काका, कोणाला काय, एवढंच लिहायचं असतं," असे त्यांचे म्हणणे. वस्तू का देतो हे समजावून सांगितल्याशिवाय ती दिली असे मी मानत नाही. सव्वीस वर्षे समजावून सांगण्याचाच पगार घेतला; ती सवय शेवटच्या कागदावर सुटणार नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो.

ज्याला सगळे वाचायला वेळ नसेल त्याने थेट पाचवे कलम वाचावे. समुद्री कासवांच्या उबवणी केंद्राची जागा माझे मेहुणे स्वीकारतात की नाही, एवढ्याच प्रश्नासाठी हा खटाटोप आहे. बाकीची कलमे मी झोपेतही लिहिली असती.

वकिलांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथेच नोंदवतो. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचे मिळणे रद्द होते. म्हणून साक्षीसाठी डॉक्टर आणि टपाल कचेरीतले निवृत्त कारकून यांना बोलावले आहे. मेहुण्यांना त्याच दिवशी फक्त वाचायला बोलावले आहे.

कलम पहिले. राहते घर मुलाला. छपराची पश्चिमेकडची बाजू गळते, हे त्याला माहीत आहे. समुद्राकडच्या खोलीच्या खिडकीला मी आतून काळा कागद चिकटवला आहे, तो त्याने खुशाल काढावा. कासवाची पिल्ले उजेडाकडे धावतात. पाण्यावरचे आकाश जमिनीपेक्षा उजळ असते म्हणून ती समुद्राकडे जातात, आणि घरात दिवा दिसला तर घराकडे. शेजारच्या हॉटेलने गच्चीवर दिव्यांच्या माळा लावल्यापासून माझ्या एका खिडकीला तसा काही अर्थ उरलेला नाही.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक सुनेला, पूर्ण. मुलाने तोंड वाकडे करू नये. माझ्या पत्नीच्या आजारपणात तिची उशी कोण बदलत होते, हे त्याने आठवावे.

कलम तिसरे. खात्याने निवृत्तीच्या वेळी दिलेली पितळी ढाल आणि संरक्षित क्षेत्राचा चौकटीतला नकाशा, या दोन्ही वस्तू आमच्या त्या वेळच्या मोठ्या साहेबांना परत पोचवाव्यात. ढालीवर "एक लाख पिल्लांचा पालक" असे कोरले आहे. नकाशावर लाल रेष आहे. ती रेष माद्या जिथे किनाऱ्यावर येतात तेवढेच पाणी सांभाळते. नर आयुष्यात पुन्हा किनाऱ्यावर येत नाही. जोड्या जमतात त्या रेषेच्या बाहेर, नेमक्या मोठ्या बोटी जाळी ओढतात तिथे. मी हे तीन पत्रांतून मांडले. साहेब म्हणाले, "अहो, नकाशा छापून झालाय. आता काय कासवांना बोलावून दाखवू?" सगळे हसले. मीही हसलो. हा राग मी बावीस वर्षे सांभाळला. आता तो नकाशासोबत त्यांनी ठेवून घ्यावा. या प्रकरणात माझ्याकडे त्यांच्यापेक्षा मोठा दोष निघाला, त्यामुळे मला तो राग पेलत नाही.

कलम चौथे. कपाटातल्या काचेच्या बरण्या आणि सव्वीस वह्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेच्या बाईंना. यामागचे कारण लांब आहे, पण ते नीट सांगतो.

प्रत्येक घरट्यातून पिल्ले निघून गेली की मी ते उकरून आत काय उरले याची मोजदाद करी. रिकामी टरफले, न फळलेली अंडी, मेलेली पिल्ले. मेलेली पिल्ले औषधी द्रावात घालून, हंगाम आणि घरटे यांची चिठ्ठी लावून ठेवून देई. पाच वर्षांपूर्वी बाई आल्या आणि त्यांनी बरण्या मागितल्या. मला आनंद झाला. कोणीतरी अखेर विचारले होते.

कासव नर होणार की मादी, हे आईच्या पोटात ठरत नाही. ते वाळूत ठरते, उबवणीच्या मधल्या दिवसांत. अंड्यांजवळची वाळू एकोणतीस अंशांच्या खाली राहिली तर बहुतेक नर. एकतीसच्या वर गेली तर जवळजवळ सगळ्या माद्या. निसर्गात किती सुरेख व्यवस्था ही. थोडी सावली, थोडे ऊन, एक ओला आठवडा, आणि दोन्ही निघतात. पिल्लाकडे बाहेरून पाहून काही कळत नाही. ते उघडूनच पाहावे लागते. हे सगळे मला माहीत होते. शाळेच्या सहलींना मी हे खडूने फळ्यावर काढून दाखवीत असे.

मी तापमान रोज मोजले, एक दिवसही चुकवला नाही. पण मोजले ते सकाळी सहा वाजता, फेरीच्या वेळी, वाळूच्या वरच्या चार बोटांच्या थरात. रात्रभर निवलेली ती वाळू. वह्यांमध्ये सव्वीस वर्षे अठ्ठावीस, साडेअठ्ठावीस, अठ्ठावीस असे आकडे आहेत, सगळे अचूक. अंडी मात्र हातभर खाली होती, आणि केंद्र उघड्या उन्हात होते. हातभर खाली उष्णता साठते आणि रात्रीही उतरत नाही. उघडी जागा मीच निवडली होती, कारण तिथे अंडी अठ्ठेचाळीस दिवसांत फुटत. सावलीत अठ्ठावन्न लागतात. दहा दिवस कमी म्हणजे खेकडे, कुत्री आणि उधाण यांचा धोका कमी, असा माझा हिशेब.

बाईंनी चारशे सहा पिल्ले उघडली. त्यांचे पत्र वहीत डकवले आहे. एका बरणीखेरीज सगळ्या माद्या. त्या एका बरणीत एकतीस पिल्ले होती, त्यांपैकी एकोणीस नर. बरणीवर माझ्या अक्षरात लिहिले होते: "एकोणिसावा हंगाम. बारा घरटी. नियमबाह्य. उशिरा फुटली."

ती बारा घरटी माझ्या मेहुण्यांची. पत्नीचा हा धाकटा भाऊ जाळी विणणारा. केंद्रावर राखणीला मीच त्याला लावले. उन्हातान्हात छत्री घेऊन फिरे म्हणून माझा मुलगा त्याला छत्रीमामा म्हणे, आणि मग सगळेच म्हणू लागले. एकोणिसाव्या हंगामात त्याने शिडाच्या जुन्या कापडाचे तुकडे जाळ्याच्या दोऱ्याने शिवले आणि शेवटच्या रांगेतल्या बारा घरट्यांवर चार काठ्यांवर ताणले. मी विचारले तेव्हा म्हणाला, "दाजी, दुपारी बाराला येऊन कोपरापर्यंत हात घाला बरं आत. माझा भाजतो. त्यांना तर हलताही येत नाही."

मी दुपारी बाराला गेलो नाही. दुपारची वेळ अहवाल लिहिण्याची होती.

मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन पिल्ले सोडण्याच्या समारंभाला आले तो दिवस त्या रांगेच्या भरवशावर ठरवला होता. अंडी फुटलीच नाहीत. खुर्च्या मांडलेल्या, पाहुणे घड्याळ बघताहेत. सगळ्यांच्या देखत मी मेहुण्याला म्हणालो, "तू आपली जाळी वीण. वाळूतलं मला कळतं." कापड ओढून कुंपणाबाहेर फेकले आणि दुसऱ्या दिवशी त्याचे नाव हजेरीपटावरून काढले. पत्नी त्यावर एकदाच बोलली. "काढलंत ते काढलंत. कापड का फेकलंत?" त्यानंतर माझ्या घरात पंचवीस वर्षे भावाचा विषय निघाला नाही. ती त्याच्याकडे एकटी जाई, आणि परत आली की मला जेवण वाढी.

कापड तिने उचलून आणले होते, हे मला ती गेल्यावर कळले. तिच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली, नीट घडी घातलेले.

वकिलांच्या मनात येईल की नर दुसऱ्या किनाऱ्यांवरूनही येऊ शकतात. बरोबर आहे, मीही काही महिने त्याच आशेवर होतो. मग आठवले की शेजारची तिन्ही केंद्रे माझी छापील पुस्तिका वाचून उभी राहिली. पान सात: "उबवणीसाठी उघडी, सावली नसलेली जागा निवडावी." वाक्य सोपे आहे, कोणालाही समजेल. ते तसे व्हावे म्हणून मी सहा वेळा लिहिले होते.

कलम पाचवे. उबवणी केंद्राची जागा, घराच्या मागची, कुंपणासह, माझ्या स्वतःच्या मालकीची, मी माझ्या मेहुण्यांना देतो. सोबत फावडे, पाट्या आणि लांब दांड्याचा नवा तापमापक. खात्याने केंद्र सहा वर्षांपूर्वी बंद केले, पण किनाऱ्यावरचे घरटे कुंपणात हलवण्याचा परवाना जागेच्या मालकाला अजून मिळतो. त्यांचे वय चौऱ्याहत्तर आहे आणि हात अजून माझ्यापेक्षा स्थिर आहेत.

सूचना लिहिणे म्हणजे आगाऊपणा आहे, तरी राहवत नाही. अंडी पहाटे हलवावीत, जशी निघाली तशीच, वरची बाजू वर ठेवून; गर्भ वरच्या बाजूला चिकटलेला असतो आणि अंडे फिरले तर तो मरतो. खड्डा मडक्यासारखा, गळा अरुंद, पोट रुंद. आणि सावली धरावी.

फळलेल्या अंड्यावर एक-दोन दिवसांत वरच्या बाजूला खडूसारखा पांढरा ठिपका उमटतो. मला सगळ्या कामात तो ठिपका सर्वांत जास्त आवडे. शंभर अंड्यांवर शंभर ठिपके आलेले मी पाहिले आहेत. गेल्या हंगामात तीन माद्या आल्या. तीनशे बावीस अंडी. मी काठी टेकत चार दिवस जाऊन भिंगाने पाहिली. ठिपका एकाही अंड्यावर नव्हता. त्या तिन्ही माद्या वयाने तरुण होत्या, म्हणजे बहुधा माझ्याच.

कलम सहावे. पाचवे कलम कोणत्याही कारणाने निष्फळ ठरले तर ती जागा मुलाकडे जाईल. तो ती हॉटेलला विकेल, आणि त्याने हे माझ्यापासून लपवलेले नाही. "बाबा, समुद्र दर वर्षी चार पावलं आत येतोय. दहा वर्षांनी विकायला जागाच नसेल. तुम्ही राखता कोणासाठी?" मी त्याला फक्त म्हणालो, "तुझ्या मामाला विचारून बघतो."

पुरवणी, माझ्या हाताने, त्याच दिवशी. मेहुणे आले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. छत्री दाराशी उभी केली, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. चौथ्या कलमाशी थांबले, ते पान परत वाचले. डॉक्टर चहा संपवून दाराबाहेर बघत होते. टपाल कचेरीतले कारकून तापाने आलेच नव्हते.

"छान लिहिलंय," मेहुणे म्हणाले. "तुमचं पहिल्यापासून छान."

मी म्हणालो, "माझी चूक झाली."

"ते आलंय यात. नीट आलंय." मग त्यांनी कागद सारखे केले. "जागा घेऊन काय करू, दाजी? सावली कोणावर धरू?"

मी सांगितले की एखादी मादी येईल, हंगाम संपायला अजून अवधी आहे, एक मादी आणि कुठूनतरी एक नर एवढे पुरे असते. हे शास्त्राला धरून आहे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मी समजावून सांगत असताना ते तेव्हाही असेच पूर्ण ऐकत.

मग त्यांनी वकिलांना विचारले, "दुसरा साक्षीदार आला नाही ना? मी करतो सही."

वकील म्हणाले, "आजोबा, तुम्ही सही केलीत तर पाचवं कलम जाईल."

"माहीत आहे. पहिल्याच पानावर लिहिलंय त्यांनी."

सही करून झाल्यावर ते उठले. मी ट्रंकेतले कापड काढून त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी एक कोपरा उलगडला, आपली शिवण अंगठ्याने चाचपली, आणि कापड काखेत घेऊन गेले. कशासाठी, हे मी विचारले नाही. त्याची नोंद वरील कोणत्याही कलमात नाही, कारण ते माझे कधीच नव्हते.

पाचवे कलम निष्फळ. सहावे लागू.

लिहून देणार: संरक्षित क्षेत्राचा निवृत्त व्यवस्थापक (सही)

साक्षीदार पहिले: गावातले डॉक्टर; लिहून देणार शुद्धीवर असल्याचे तपासून (सही)

साक्षीदार दुसरे: जाळी विणणारे, लिहून देणाराच्या दिवंगत पत्नीचे धाकटे भाऊ, लाभार्थी नाहीत (सही)

स्थळ: समुद्राकडची खोली. दिनांक: सोळा मार्च, हंगामाचा एकशे सहावा दिवस. घरटी: निरंक. वाळूचे तापमान, दुपारी बारा वाजता, हातभर खाली: साडेचौतीस.