धोंड्याच्या जेवणाला कोणती वाईन

मु. पो. कोल्हार,
विहिरीजवळचा मळा

तीर्थरूप लिहावं तर तुम्ही माझ्याहून धाकटे, चिरंजीव लिहावं तर तुमच्या डोक्यावर केस उरले नाहीत. म्हणून नुसतेच सन्माननीय साडूभाऊ अमृतराव यांना श्रीमंताचा रामराम. इकडे सगळं ठीक आहे. गाय व्याली, कालवड झाली. आमच्या मेव्हणीबाई अश्विनी यांची कंबर कशी आहे? आणि तुमची शुगर? (वाईनच्या कारखान्यात नोकरी करून बिनसाखरेचा चहा पिणारा माणूस नाशकात तुम्ही एकटेच असाल.) हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. पत्रात समोरच्याला मध्ये तोंड घालता येत नाही, हा पत्राचा फार मोठा गुण आहे. तेव्हा आता निवांत बसा आणि ऐका. तुमचा साडू जिंकला आहे.

मागचं थोडं सांगावं लागेल, कारण तुम्ही ते सोयीस्कर विसरला असाल. दिवाळीच्या पाडव्याला आमचे जावई पार्थराव पुण्याहून मोठ्या हौसेने वाईनची बाटली घेऊन आले होते. तुम्ही ती त्यांच्या हातातून घेतली, उजेडाकडे धरली, बूच फिरवून वास घेतला आणि सगळ्या पंगतीसमोर म्हणालात, "ही पिण्याची नव्हे, स्वयंपाकाची. अश्विनी, ठेव गं भाजीत घालायला." मग पेला दांडीला धरायचा की पोटाला, यावर तुमचं जे व्याख्यान सुरू झालं ते फराळ संपला तरी संपलं नाही. (लाडू मात्र तुम्ही बोलता बोलता संपवलेत. म्हणून तर वर शुगर विचारली.)

जावई बोलला तर भांडण होतं आणि मिटतं. पार्थराव नुसते हसले आणि त्यानंतर आलेच नाहीत. संक्रांत गेली, यात्रा गेली, निकिता दर वेळी एसटीने एकटी. "त्यांना काम आहे," असं ती म्हणायची आणि म्हणताना ताटाकडे बघायची. एकुलती एक पोरगी माहेरी येते आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरायला घेते, हे बघून मला फार वाईट वाटायचं, अमृतराव. तुमची मेव्हणी सविता तर देवापाशी काय काय बोलायची, त्यात तुमचंही नाव यायचं. कोणत्या संदर्भात ते लिहीत नाही.

तेवढ्यात अधिक महिना आला आणि माझं डोकं चाललं. धोंड्याचं जेवण तीन वर्षांतून एकदा, आणि त्या दिवशी जावई म्हणजे साक्षात नारायण. नारायणाला 'काम आहे' म्हणता येत नाही. मी थेट व्याह्यांना फोन करून रीतसर आमंत्रण दिलं आणि जावई बांधला गेला. आता दुखणं वाईनचं होतं, म्हणून औषधही वाईनचंच द्यायचं ठरवलं. काट्याने काटा काढतात. त्यासाठीच तुम्हाला विचारलं होतं, आणि तुम्ही मोबाईलवर ते लांबलचक पुराण पाठवलं होतं: लाल वाईन मटणाबरोबर, पांढरी माशाबरोबर, गुलाबी उन्हाळ्यात दुपारच्या गप्पांना, बुडबुड्यांची सणासुदीला, आणि रोजच्या साध्या जेवणाला यातलीच हलकी बघून कोणतीही. आता अधिकात मटण नाही आणि मासाही नाही. ताटात पुरणाचे धोंडे, कटाची आमटी, कुरडई, भजी आणि आमरस. या ताटाबरोबर काय प्यावं, याबद्दल तुमची सगळी विद्या मुकी. (रोजच्या जेवणाला आम्ही ताक पितो. ते कशाबरोबरही चालतं आणि त्याला व्याख्यान लागत नाही.) शेवटी म्हटलं, चारही घ्याव्यात, एक तरी लागू पडेल.

संगमनेरच्या दुकानात मी कपाळाला गंध लावून उभा होतो. बाकीची गिऱ्हाइकं मला बघून बाजूला सरकली. त्यांना वाटलं मी वर्गणी मागायला आलोय. परत येताना आमच्या भजनी मंडळाचे आसाराम आडवे आले. पिशवी वाजली. "काय हाय पिशवीत?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "जावयाचं वाण." "लई जड दिसतंय." मी म्हणालो, "जावई पन जड हाय." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

खरी अडचण घरी होती. आमच्या मातोश्री आक्काबाई उंबऱ्यात उभ्या. "अधिकात बाटली उंबऱ्याच्या आत न्हाई यायची. जावई देव असंल, बाटली न्हाई." म्हणजे फ्रीजचा रस्ता बंद झाला. मग मी आपली पूर्वापार रीत काढली. कलिंगड गार करायला जसं विहिरीत सोडतो, तशा बाटल्या जाळीच्या पिशवीत घालून दोराने पाण्यात सोडल्या. तुमच्या यादीतल्या चार, आणि एक आदल्या दिवशी एकटी पुढे आलेल्या निकिताने पुण्याहून आणलेली, अशा पाच. सकाळी वर काढल्या तर थंडगार झालेल्या, पण वरचे नावाचे कागद सगळे विरघळून गेलेले. पाचही बाटल्या मुंज लागलेल्या बटूंसारख्या उघड्या. कोणती कोणाची, बघणाऱ्याला कळेना. दोन तर अगदी एकाच रंगाच्या.

सकाळी वाण रीतसर झालं. पार्थराव नव्या धोतरात पाटावर बसले, निकिता शेजारी, सविताने ओवाळलं, तांब्याच्या ताटात धोंडे आणि वर दिवा. ते हो किंवा नाही एवढंच बोलत होते. मग जेवणाची वेळ आली, तेव्हा मी आक्काबाईंना नम्रपणे विचारलं, "बाटली आत यायची न्हाई, पन जावई भाईर जाऊ शकतो का?" त्यांनी बराच विचार केला. याला शास्त्रात मनाई सापडेना. तेव्हा सगळी ताटं विहिरीजवळच्या चिंचेखाली गेली, आणि पाठोपाठ आक्काबाईही खाट घेऊन पहाऱ्याला आल्या.

पहिली उघडली ती बुडबुड्यांची. विहिरीतून वर येताना तिने काय हिसके खाल्ले होते कोण जाणे, मी तार सोडवतोय तोवर बंदुकीसारखा आवाज झाला. आमची म्हैस खुंटा उपटून थेट उसात. मी मागे धावलो, आणि बघतो तर माझ्या पुढे धोतर खोचून पार्थराव. पुण्यात कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस, पण त्या दिवशी उसात असा घुसला की बास. बराच वेळ आम्ही एकमेकांना नुसत्या हाका मारत होतो. शेवटी म्हैस त्यांनीच धरली. बाहेर आले तेव्हा हातावर पाचटाचे ओरखडे, धोतराचा सोगा दाव्यासारखा म्हशीच्या गळ्यात, आणि चेहऱ्यावर हसू. निकिता तोंडाला पदर लावून हसत होती. मी तिला असं हसताना दिवाळीआधी पाहिलं होतं.

मग काय, जावई पाट सोडून खाली मांडी घालूनच बसले. लाल बाटलीचं बूच आम्ही दोघांनी मिळून मोठा स्क्रू आणि पक्कड लावून उपटलं. पार्थराव प्रत्येक वाईनचा घोट घेत, धोंड्याचा तुकडा खात आणि खरंखरं सांगत. बुडबुड्यांची पुरणापुढे आंबट. लाल घेतली तर तुपाचा घास टाळूला चिकटला. गुलाबीला आमरसाने पार झोपवलं. पांढरी म्हणजे लिंबाचं पाणी. पाचवी ओतली, घोट घेतला, धोंडा खाल्ला, पुन्हा घोट घेतला आणि डोळे मिटले. "मामा, ही कोणती? अशी वाईन मी आयुष्यात प्यायलो नाही."

आता इथे माझा मोठेपणा बघा. मी छाती पुढे काढून 'माझी निवड' म्हणू शकलो असतो. पण म्हणालो, "अमृतकाकांनी मुद्दाम तुमच्यासाठी सांगितलेली." पार्थराव पेल्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "काकांना कळतं खरं." ती बाटली त्यांनी कोणाला दिली नाही. संध्याकाळी निघायचे होते, ते मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी गायीची धार काढायला बसले (गायीने नाही म्हटलं, तो भाग वेगळा). जाताना आक्काबाईंच्या पाया पडून म्हणाले, पोळ्याला येतो. बोलावलं नसताना म्हणाले, अमृतराव. सविताने त्याच दिवशी देवापुढे साखर ठेवली. जिल्ह्यात धोंड्याला वाईन लावून जावई परत आणणारा सासरा मी एकटाच असेन, आणि हे मी कोणालाही सांगायला तयार आहे.

अश्विनीला आणि मुलांना आशीर्वाद. कंबरेला एरंडेल चोळा, पोटात घेऊ नका.

आपला विजयी साडू,
श्रीमंत

ता. क. पत्र खरं यासाठी लिहिलं. पार्थराव येत्या रविवारी तुम्हाला आभाराचा फोन करणार आहेत आणि त्या वाईनचं नाव विचारणार आहेत. बाटल्यांचे कागद गेले असले तरी हाताने फिरवायचं हिरवं बूच एकीलाच होतं, आणि ती निकिताने आणलेली. म्हणजे दिवाळीला तुम्ही भाजीत घालायला दिली होती, त्याच नावाची. पार्थरावांना अजून पत्ता नाही. ते नाव तुम्ही तुमच्या तोंडाने त्यांना सांगायचं, आणि वर म्हणायचं की पाडव्याला माझी चूक झाली. एवढंच करा. पेला कसा धरायचा ते सांगू नका.

आणखी एक ता. क. तुमच्या यादीतली लाल वाईन अर्धी उरली होती. परवा अधिक संपला, तेव्हा सविताने ती मटणात घातली. मटण उत्तम झालं. स्वयंपाकाची वाईन कोणती, तेही त्यामुळे ठरलं.