पुढची फळी

४ ऑगस्ट, सोमवार

अश्वजित, तू मुलगी पाहायले गेला तं नवरीचं नाव विसरला आन तिच्या बहिणीच्या नावानं चहा मागितला. म्हणून आधीच सांगते : मी रुखमा. तुझी आजी. चिमूरवाली. पटली का ओळख?

ही वही तूच दिली. अक्षर न येणाऱ्या बाईले वही म्हणजे टकल्याले कंगवा. तू म्हटलं, रोज सांगत जा, खुशबू लिहून घेईल आन पानाचा फोटो धाडेल. तं तुझी बहीण लिहून राह्यली. पोरगी इमानदार आहे. मी खोकलली तं खोकला लिहिते, शिवी दिली तं शिवीही लिहिते. गाढव कुठली. पाह्य, हेही लिहिलं.

जागा चांगली आहे. मुलचेऱ्याच्या पुढं, सागाच्या जंगलात दवाखाना, त्याच्या मागं आमचं क्वार्टर. दोन खोल्या, अंगणात मोहाचं झाड. शेजारच्या गावच्या बंगाली बायका ताजी मासोळी आणून देतात. खुशबू इथली औषधवाली, म्हणून मलेही सारे वाट देतात. लच्छू नावाचा एक म्हातारा रोज दवाखान्याच्या बाकावर बसते, बीपीची गोळी घ्यायले. पहिल्याच दिवशी मले विचारे, बाई, दात तुमचेच आहेत का? मी म्हटलं, तुले चावून दाखवू? करिश्मा सिस्टर आहे, तेवीस वर्षांची, तिनं न सांगता माझ्या गुडघ्याले तेल चोळून दिलं.

जवसाची चटणी पाठव. दोघींपुरती. माझी तिखट, खुशबूची बिनतिखटाची. तिले तिखट चालत नाई. एवढं तरी लक्षात ठेव.

५ ऑगस्ट, मंगळवार

आजपासून दवाखान्यात शिकवणी सुरू झाली. सहा दवाखान्यांतून औषधवाले आन सिस्टर आल्या, चौदा जण. शिकवणारे गुणवंतराव, आधी औषधाच्या मोठ्या कोठारात होते म्हणे. किडकिडीत माणूस, गळ्यापर्यंत बटन लावलेला पांढरा सदरा, बगलेत पत्र्याची डबी. चहा दिला तं घेतला नाई. मी दारात सुपात तांदूळ घेऊन बसली होती, तं मलेही फुकटात शिकायले भेटलं.

गरीब मुलखात औषध कमी, एकही गोळी वाया जाऊ द्यायची नाई. खोका जमिनीवर ठेवायचा नाई, भिंतीले टेकवायचा नाई, ओल लागते. महिन्याले किती लागते ते पाहून आधीच मागवायचं, नाईतर नाला चढला की साप चावलेल्याले इंजेक्शन भेटत नाई. आन सगळ्यात मोठा नियम असा : ज्याची मुदत आधी संपते ते पुढच्या फळीवर, त्याले लाल टिकली. ज्याची मुदत लांब ते मागं, त्याले हिरवी. सकाळी नऊले औषधाच्या कोठीचं कुलूप उघडलं की पहिला हात लाल टिकलीले. पुढचं गेल्याशिवाय मागचं हलवायचं नाई.

एवढ्यासाठी चौदा शिकलेले लोक! जुनी लाखोळीची डाळ पुढच्या मडक्यात, नवी मागं, हे तं माझ्या सासूनं मले चिमटे काढून शिकवलं होतं.

आठ दिवस कोठीची चावी गुणवंतरावांकडंच राहील.

६ ऑगस्ट, बुधवार

आज मस्करी केली. मले राहवत नाई, तुले माहीत आहे. गुणवंतराव विचारत होते, कोणाले काई शंका? मी दारातूनच म्हटलं, साहेब, माझी मुदत तं तुमच्या साऱ्या गोळ्यांच्या आधी संपते, मले पण लावा एक लाल टिकली.

सारे हासले. करिश्मा तं पोट धरून हासली. गुणवंतराव नाई हासले. उठून आले, माझा उजवा हात धरला, बाटलीचा तळ पाहावा तसा उलटासुलटा करून पाह्यला. विचारलं, बाई, तुम्हीच मागितली ना? मी म्हटलं, हो, मीच मागितली. त्यांनी डबीतून लाल टिकली काढली आन हातावर दाबून चिकटवली.

तुझा आजा गेल्यावर इतक्या वर्षांनी लाल टिकली लागली, तीही हातावर!

दुपारी लच्छूले दाखवली. तो म्हणे, आता तुमचा नंबर पहिला, बाई. मी म्हटलं, तुझ्या आधी? वा! काढून त्याच्या मनगटाले लावून दिली. तो लाजला मेला.

७ ऑगस्ट, गुरुवार

लच्छू गेला. सकाळी नऊले, कोठीचं कुलूप उघडलं तेव्हा. बाकावर बसला होता, तसाच बसून राह्यला. हातात गोळीची चिठ्ठी. डॉक्टर म्हणे, वय झालं होतं. खरं आहे. झालंच होतं.

पण त्याच्या मनगटावर टिकली नव्हती. जेवताना पाहते तं माझ्या हातावर.

राखेनं घासली. खोबरेल लावलं. काढली तं निघते, अश्वजित. दाराले लावली, मोहाच्या बुंध्याले लावली. पाणी पिऊन येते तं परत हातावर. आन थंड आहे. बर्फाच्या पेटीतून काढल्यासारखी.

गुणवंतरावांना विचारलं. ते म्हणे, पुढची फळी रिकामी ठेवत नसतात.

८ ऑगस्ट, शुक्रवार

खुशबू, लिही. थांबू नको.

काल संध्याकाळी करिश्मा गुडघ्याले तेल चोळत होती. वाकली होती, मानेवरची वेणी बाजूले सरकली होती. मी मनात म्हटलं, ही तेवीसची, हिची मुदत लांब, हिच्यावर लाल टिकली खोटी पडेल. नियमच मोडेल. हिले काई होणार नाई.

असं म्हटलं. लच्छूचं मले माहीत नव्हतं. हिचं माहीत होतं.

मानेले लावली. ती म्हणे, आजी, हात किती थंड तुमचे.

आज नऊ वाजता कोठीच्या दारात पडली. कुलपात चावी फिरली आन पडली. डॉक्टरले काई समजलं नाई. गुणवंतरावांनी खाली पाह्यलंही नाई. तिले ओलांडून आत गेले. मले म्हणे, बाई, टिकली पाहायची असते, मालाचं तोंड नाई.

खुशबूनं पेन ठेवला होता. आता परत उचलला. माझ्याकडं पाहत नाई.

९ ऑगस्ट, शनिवार

कोठी बंद. सारे करिश्माच्या मातीले गेले. मी कोणत्या तोंडानं जाऊ?

टिकली आली. पहाटेच आली.

गुणवंतराव मातीले गेले नव्हते. त्यांच्यापुढं जाऊन बसली. त्यांनी बाही वर केली. मनगटावर गोल पांढरा डाग, तेवढाच. म्हणे, फसवून लावलेली परत येते, ज्याची त्याच्याकडं. कोणी आपल्या मनानं मागून घेतलेली राहते. माझी माझ्या धाकट्या भावानं मागून घेतली. मग शिकवताना बोलतात त्याच आवाजात म्हणे, उद्या सुट्टी. परवा नऊ वाजता.

तं मी ठरवलं. आता कोणाले लावणार नाई. माझी आहे, मी नेईन. खाल्लं, हासली, दोघांचे जीव घेतले, पुरे झालं.

खुशबू रडून राह्यली, वही ओली झाली इथं. दोनदा विचारलं तिनं, मागून म्हणजे कसं, आजी? मी म्हटलं, तू फक्त लिही.

१० ऑगस्ट, रविवार

कुलूप बंद आहे म्हणून मी आहे.

भात केला. खुशबूनं माझे केस विंचरले. हात धरून बसली, टिकलीचाच हात— मी सोडवला— तिनं परत धरला. म्हणे, चावीवाला तुले नेईल तं मी कोणाले शिव्या लिहू?

वही मिट आता. उद्या.

११ ऑगस्ट, सोमवार. सकाळ

हात कोरा! अश्वजित, कोरा आहे! गरम आहे!

साडेआठ झाले. चहा घेतला. झोपेत वाटलं कोणी मागून राह्यलं— आजी, दे ना— लहानपणी गूळ मागायची तसं. मी म्हटलं, घे—

खुशबू.

पेन मुठीत धरून काऊन लिहून राह्यली? लहान लेकरावानी? तळहात दाखव. दाखव म्हणते—

नाई. नाई, पोरी.

मले दे. मी मागते. मागून घेतलेली राहते ना, मी मागते, मोठ्यानं मागते, गुणवंतरावांना ऐकू जाऊ दे— मूठ उघड. हे लिहू नको, पेन सोड आधी. माझ्यात जोर नाई गं—

नऊ होत आले. निघाले ते. अंगणातून चालले. चावी वाजून राह्यली—

अश्वजित, विसरू नको. चटणी एकीपुरतीच पाठव. तीळ जास्त घाल. तिखट नको, खुशबूले चालत नाई, आन खाणारी तीच— मूठ सोड, पोरी— खाणारी तीच राहणार, ऐकलं का, बिनतिखटाची पाठव, तिखट घालू न