चौतीस कमरेची पँट

तीर्थस्वरूप मामांस, कात्री खाली ठेवून नमस्कार.

माझ्या स्वादुपिंडाला सूज आली होती हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यातून मधुमेह जडला, हे मी लपवलं. डॉक्टरबाईंनी कंबर मोजली. छत्तीस. म्हणाल्या, "हातपाय काड्या आणि पोट माठ! पोटातली ही चरबी इन्सुलिनचं काही चालू देत नाही. तीन महिन्यांत दोन इंच उतरव, नाहीतर सुईचा डोस वाढवीन."

शिंपी असून मला सुईची धास्ती! रोज तासभर चाललो. आठवड्याने तुम्ही दिलेल्या टेपने मोजलं, तर चौतीस! आनंदाने त्याच मापाची पँट शिवली. बटण काजापर्यंत पोचेना. त्यातच तीन गिऱ्हाइकं घट्ट पँटी घेऊन आली. शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, "काय रे, सगळी गल्ली एकदम जाड झाली?"

कापड मी लाकडी पट्टीने आखतो. टेप तिच्याशेजारी धरला, तेव्हा कळलं की तो वापरून वापरून ताणला गेलाय, म्हणून माप कमी दाखवतो. तुम्ही म्हणायचात, "गिऱ्हाईक खोटं बोलेल, टेप नाही." तुमचं मन दुखेल, म्हणून हे पत्र टपालपेटीत टाकणार नाही.

गिऱ्हाइकांच्या पँटी उसवून सैल केल्या. माझी तशीच ठेवली, रोज चढवून पाहिली. आज, तीन महिन्यांनी, तपासणीच्याच दिवशी, श्वास न रोखता बटण लागलं.

तीच घालून दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी टेप काढला. मी पिशवीतून लाकडी पट्टी काढली. "बाई, आधी तुमचा टेप मोजू?"

तुमचा भाचा,
कंबर चौतीस, पट्टीने तपासलेली