मबरूकामावशींची नोंद

४ मार्च
स्फाक्स शहरात आले. नोकरी लागली! ऑफिस वृद्धाश्रमाच्याच वरच्या मजल्यावर आहे. मालक शादलीसाहेब दिलदार. पहिल्याच दुपारी गरम लब्लाबी, चण्यांचं सूप, मागवली आणि डोंगराकडच्या पोरींना तिखट झेपतं का बघू, म्हणाले. मी वर दोन चमचे हरीसा, लाल मिरचीची चटणी, घातली. काम सोपं आहे: आश्रमाच्या ॲपला चार रूट लिहायचे, म्हणजे चार कामांचा कोड. राहणाऱ्यांची नोंद घालायची, बघायची, बदलायची, खोडायची.

७ मार्च
चारही रूट चालले. खोडणं तपासायला यादीतलं शेवटचं नाव घेतलं: मबरूका, खोली चार. कुणीतरी चाचणीला टाकलेली खोटी नोंद वाटली. क्षणात गेली.

८ मार्च
खोटी नव्हती. सकाळी लमजद नावाच्या माणसाचा फोन आला, आईला, मबरूकाला, जेवण जातंय ना, म्हणून. खाली गेले तर चार नंबरची खोली रिकामी. गादीसुद्धा नाही. स्वयंपाकीण दलंदाबाई हसली, “कोण मबरूका? ती खोली कधी उघडलीच नाही, बाई!”
तशीच वर आले. नवी नोंद घातली. आठवलं तेवढंच: नाव, वय एक्क्याऐंशी, खोली चार. धावत खाली गेले. पलंगावर एक म्हातारी बसली होती.

९ मार्च
नाव विचारलं की नाव सांगते. वय विचारलं की वय. बाकी काही नाही. पापणी लवत नाही. लमजद मकरूदचा, खजुराच्या वड्यांचा, डबा घेऊन आला होता. जिन्यात मला म्हणाला, “चेहरा तिचाच आहे. पण माझी आई कुठंय, ताई?”

१० मार्च
बदल केला. ‘मुलगा: लमजद’ भरलं. आता ती त्याला हाका मारते. फक्त हाका. सकाळपासून. श्वासाला थांबत नाही — श्वास मी लिहिलेला नाही.

११ मार्च
शादलीसाहेबांना सगळं सांगितलं. दचकले नाहीत. आधीच्या मुलीनंही असंच केलं होतं, म्हणाले. ती मुलगी आता कुठंय, मी विचारलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला — तुझी नोंद मी स्वतः दुरुस्त करतो, पोरी, त्रास होणार नाही —

दुपार
यादीत माझं नाव आहे. ‘बदल चालू.’ शाळेचा रकाना — रिकामा. भाऊ — मला भाऊ होता? दार बाहेरून लावलंय. आईचं नाव तरी लिहून ठेवते, आत्ताच, आईचं नाव —